पाण्यावरची पांढरी धूळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. शेजारीपाजारी कूलरमध्ये पाणी भरत असतात, आणि मी काचेच्या टाकीसमोर बसून पाण्यातल्या झाडांना फूल कधी येईल याची वाट बघत असतो. घरच्यांची या छंदाला नावं ठेवून झाली आहेत. तुम्हीही ठेवलीत तरी माझी हरकत नाही.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच चूक केली. मासे आणले आणि शोभेसाठी झाडंही आणली. ती मुंबईहून प्लास्टिकच्या पिशवीत रेल्वेने यायची. तांबडी पानं, पिसांसारखी पानं, दिसायला मोठी देखणी. पंधरा दिवसांत त्यांचा लगदा व्हायचा. मी बोअरच्या पाण्याला दोष द्यायचो. आपलं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो. अशा पाण्यात नाजूक झाड काय जगणार, असं म्हणून मी दोन-तीनदा टाकी रिकामी करून माळ्यावर टाकली.

त्या सगळ्या पडझडीत एक झाड मात्र टिकून राहिलं. लांब, हिरव्या फितीसारखी पानं. दुकानदार त्याला नुसतं 'गवत' म्हणून विकायचा आणि तेही स्वस्तात. त्याचं खरं नाव व्हॅलिस्नेरिया. अँटोनिओ व्हॅलिस्नेरी नावाचे एक इटालियन वैद्य आणि निसर्गाचे अभ्यासक १६६१ ते १७३० या काळात होऊन गेले, त्यांच्यावरून ते पडलं. नाव परदेशी असलं तरी झाड आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ नद्यांतही उगवतं.

ते टिकलं याचं कारण मला उशिरा कळलं. पाण्यात बुडालेल्या झाडाला अन्न तयार करायला कार्बन पाण्यातूनच घ्यावा लागतो. बरीच नाजूक झाडं फक्त विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असतात, आणि जड पाण्यात तो सहसा फार थोडा असतो. व्हॅलिस्नेरियाला, तसंच आपल्या तळ्यातल्या हायड्रिलाला, पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांतूनही कार्बन घेता येतो. म्हणजे ज्या पाण्यात आमची डाळ शिजत नव्हती, त्याच पाण्यावर हे झाड पोसत होतं! भर उजेडात त्याच्या पानांवर चुन्याची बारीक पुटं चढतात. ती मी रोग समजून बोटांनी खरवडत असे.

फुलाची गोष्ट ऑक्टोबर २००६ मधली. ते भारनियमनाचे दिवस होते. सकाळी दिवे जायचे ते कधी येतील याचा नेम नसे. हवेचा पंप बंद, गाळणी बंद. मासे गुदमरतील म्हणून मी ते शेजाऱ्यांच्या मोठ्या हौदात नेऊन सोडले होते. टाकीत फक्त झाडं उरली. पूर्वेच्या खिडकीतून तासभर कोवळं ऊन यायचं, तेवढंच. एका सकाळी पाहतो तो पाण्यावर पांढरी धूळ. सौभाग्यवतीला म्हटलं, "रांगोळी सांडली वाटतं टाकीत." ती म्हणाली, "मी टाकीकडे फिरकत तरी का?"

भिंग लावून पाहिलं. ती धूळ नव्हती, फुलं होती. एकेक खसखशीच्या दाण्याहूनही लहान. व्हॅलिस्नेरियाचं नरफूल पानांच्या बुडाशी, पाण्याच्या तळाला तयार होतं. तिथून कळी सुटते, बुडबुड्यासारखी वर येते आणि पाण्यावर उमलते. तिच्या पाकळ्या खाली वळतात आणि त्यांच्यावर ती होडीसारखी तरंगते. वारा नेईल तिकडे जाते. मादीफूल लांब, बारीक देठावर वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेलं असतं. त्याच्या भोवती पाण्याला किंचित खळगा पडतो आणि या होड्या घरंगळत त्या खळग्यात जाऊन पडतात. परागीभवन झालं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फूल खाली ओढून नेतो. फळ पाण्याखाली पिकतं.

आता विचार करा, आमच्या टाकीत इतकी वर्षं पंपाचे बुडबुडे रात्रंदिवस पाणी घुसळत होते. त्या खळबळीत या होड्या कुठल्या तरणार? वरून गप्पी मासे होतेच. दाणे टाकल्यासारखं सगळं गट्ट करत असणार. बहुधा फुलं आधीही येत असतील. मला ती दिसायला दिवे जावे लागले.

फळ मात्र धरेना. वर्षभर वाट पाहिली. शेवटी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना विचारलं. ते हसले. "तुमच्या टाकीत झाडं किती?" म्हटलं, "चाळीसेक." ते म्हणाले, "नाही, एकच." या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. आणि ते वाळूखालून धावते फुटवे सोडून वाढतं. मी एक रोप आणलं होतं, त्याचीच ही चाळीस. सगळे नर!

धुळ्याला आमचे शालक असतात. दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर एका पाझर तलावावर गेलो. पाणी निवळलेलं होतं, आणि काठाजवळ पाण्यावर तशीच लांब देठाची फुलं टेकलेली. एक भोईदादा जाळं सोडवत होते. मी त्या झाडांसाठी गुडघाभर चिखलात उतरलो तेव्हा त्यांना राहवलं नाही. "भाऊ, हाई ते गवत शे!" मी म्हटलं, "तेच हवंय." दोन रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून जळगावला आणली. पुढच्या हिवाळ्यात पहिला देठ गुंडाळला गेला. बारीक शेंगेसारखं फळ पाण्याखाली लोंबताना पाहिलं, त्या दिवशी मी कार्यालयात उशिरा पोचलो.

तुम्हाला हे करून पाहायचं असेल तर खर्च फारसा नाही. तळाला मूठभर तलावाचा जुना गाळ, त्यावर धुतलेली जाड वाळू तीन बोटं. पानं फुटतात तो बुडखा वाळूच्या वर राहू द्या, पुरला की सडतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच घाला. उन्हाळ्यात टाकीवरून पंख्याचा वारा जाऊ द्या. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, हे विसरू नका. नुसती भर घालत राहिलात तर आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होत जाईल. आठवड्याला थोडं काढून कुंड्यांना घाला आणि तेवढंच नवं भरा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर फारच छान.

आणि एक विनंती. कासच्या पठारावरचा वायतुरा काही हौशी लोकांना खुणावतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुहेरी तुरा असलेली ही पाणवनस्पती सातारा भागातली. तिचं शास्त्रीय नावच आपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे, १९८२ मध्ये दिलेलं. जांभ्या खडकावरच्या उथळ पाण्यात ती वाढते आणि कोरड्या दिवसांत कंदाच्या रूपात झोपते. आपल्या टाकीत ती जगणार नाही, आणि तिथून खणून आणली तर तिथेही उरणार नाही. तिला तिथेच जाऊन पाहा. उलट बाजूनेही तेवढंच जपायला हवं. टाकीतली उरलेली झाडं नदीत, तलावात फेकू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच जगभर नेली गेली. जास्तीची झाडं गच्चीवर कडकडीत वाळवा आणि खतात टाका. आपल्या उन्हाला त्यासाठी एक दिवस पुरतो.

त्या फळातल्या बियांची काही रोपं झाली. त्यातली चार मी धुळ्याला शालकांकडे दिली आहेत. त्यांच्या टाकीत अजून गप्पी आहेत आणि पंप दिवसभर चालू असतो. दर दिवाळीला ते मला विचारतात, "भाऊजी, आमच्याकडे फूल का येत नाही?"