संत्र्याचा करार आणि आपला ठराव
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एका ताईने ग्रामसंघाकडे कर्ज मागितलं. पन्नास हजार. संत्र्याच्या बागेत ठिबक टाकायचं होतं. आधी गटात चर्चा, मग ठराव, मग सह्या. दोघी माहेरी गेलेल्या, कोरम भरेना, म्हणून सभा पुढच्या आठवड्यावर गेली. ताई चिडली. मी म्हटलं, बाई, पैसा सगळ्यांचा आहे, सगळ्यांना विचारल्याशिवाय कसा द्यायचा?

त्याच ताईच्या संत्र्याबद्दल एक मोठा ठराव झालेला आहे, तो तुम्हाला सांगायचा आहे.

२ एप्रिल २०२२ ला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात व्यापार करार झाला. २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. त्यात दोन गोष्टी थेट आपल्या शेतातल्या आहेत. ऑस्ट्रेलियाचा कापूस वर्षाला ५१,००० टनांपर्यंत, म्हणजे १७० किलोच्या ३ लाख गाठी, शुल्काशिवाय आणता येतो. आणि संत्रा, मँडरिन मिळून १३,७०० टनांपर्यंत आयात शुल्क निम्मं.

घाबरू नका. देशाच्या गिरण्यांना लागतात ३०० लाखांहून जास्त गाठी, त्यात ३ लाख म्हणजे थोड्याच. त्यांचा संत्रा निघतो साधारण जून ते ऑक्टोबर, तेव्हा आपला आंबिया बहार झाडावरच असतो. आपल्या कापड-कपड्यांनाही तिकडे शुल्क माफ झालं. दूध, गहू, तांदूळ, हरभरा, साखर या सवलतीतून बाहेर ठेवले, तेही चांगलंच केलं. खरं सांगू, बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचं शुल्क वाढवत नेलं, त्याचा फटका काटोल-वरुडच्या बागांना यापेक्षा जास्त बसला. पण तेही दुसऱ्या देशाच्या कागदावरच ठरलं ना? बाग आपली, शाई त्यांची.

माझा प्रश्न आकड्यांचा नाही, विचारण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात हा करार आधी संसदेच्या समितीपुढे गेला. तिथे कुणीही लेखी म्हणणं मांडू शकत होतं. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या संसदेने मंजुरी दिली, त्यानंतरच तो लागू झाला. आपल्याकडे संसदेत त्यावर मतदान झालं नाही. यात बेकायदा काही नाही बरं का. आपल्या राज्यघटनेत परदेशाशी करार करणं हे केंद्र सरकारचं काम आहे, त्याला संसदेची मंजुरी लागतेच असं नाही. करारासाठी नवा कायदा लागला तरच तो संसदेत जातो. कलम २५३ त्यासाठीच आहे. शुल्क कमी करायला अधिसूचना पुरते.

यातली गंमत बघा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत १४ नंबरला परदेशी करार, आणि राज्याच्या यादीतही १४ नंबरलाच शेती. एकाच नंबरचे दोन मालक. शेती राज्याची, पण तिच्यावर परिणाम करणारा करार दिल्लीचा.

सरकारला वाटाघाटी गुप्त ठेवाव्या लागतात, हे मला पटतं. बाजारात आपणही भाव आधी सांगत नाही. पण सौदा ठरल्यावर घरी सांगतोच की! २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशीही असाच करार झाला. पुढेही होतील.

आपल्या हातात काय? खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतात, मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. पण खासदाराला आपला प्रश्न कळला तर पाहिजे. म्हणून मी एक पत्र लिहून आणलं आहे. दोनच गोष्टी विचारल्या आहेत: कापूस आणि संत्र्याच्या सवलतीतून दरवर्षी प्रत्यक्ष किती माल आला, आणि पुढच्या करारात ही पिकं असतील तर सही होण्याआधी शेतकऱ्यांचं म्हणणं कुठे ऐकणार.

चहा झाल्यावर पत्र टेबलावर ठेवते. सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. आणि कुणाला तिसरा प्रश्न सुचला तर खाली जागा सोडली आहे.