वनातील मुक्काम आणि गावाची तयारी
(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर वैशाखरे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी चैनीचा वाटण्याचा संभव आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेले वाहन, म्हणजे ज्याला आपण कॅरॅव्हॅन म्हणतो ते, घेऊन शहरातील कुटुंब वनाच्या सान्निध्यात दोन दिवस राहावयास येते. याच्याशी ग्रामपंचायतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, हे वाहन वनात उभे राहू शकत नाही. ते उभे राहते ते गावात. पाणी ते आपल्या विहिरीचे घेते आणि सांडपाणी आपल्याच शिवारात सोडते. म्हणून अशा सहलीचे नियोजन प्रवाशाच्या घरी अर्धे होते आणि उरलेले अर्धे गावाने करावयाचे असते.

वैशाखऱ्याला मुक्काम नवा नाही. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल प्राचीन काळी याच परिसरातून नाणेघाट चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. तेथेच दगडी रांजण आहे आणि तो जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. घाट चढण्यापूर्वी बैलांचे तांडे पायथ्याशी विसावत असणार हे उघड आहे. आजही घाटाची वाट पायीच चढावी लागते आणि वाहन खालीच ठेवावे लागते. फरक इतकाच की, त्या काळी वाट वापरणाऱ्यासाठी काही व्यवस्था होती. आज पुष्कळदा ती नसते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यापूर्वी २०२० साली कृषी पर्यटन धोरण आले होते. या दोन्ही धोरणांमुळे शेतकऱ्याच्या जमिनीवर पाहुण्यांची सोय करण्यास वाव मिळाला आहे. मात्र धोरण वाव देते. जागा, पाणी आणि शिस्त यांची तरतूद स्थानिक पातळीवरच करावी लागते.

अमेरिकेतील राज्य उद्यानांमध्ये अशा वाहनांचा प्रघात फार जुना आहे. तेथे सामान्यतः वाहन उभे करण्याच्या जागांना क्रमांक असतात, जागा आगाऊ राखून ठेवावी लागते, चूल पेटविण्यासाठी ठरावीक कुंड असते आणि मैला रिकामा करण्यासाठी वेगळे ठिकाण असते. म्हणजे आधी जागेची व्यवस्था आणि मग वाहन, असा क्रम तेथे आहे. आपणही हाच क्रम पाळला पाहिजे.

प्रथम वनाचे नियम पाहू. आपल्या आसपास तानसा आणि भीमाशंकर ही दोन अभयारण्ये आहेत. तानसा शहापूरच्या बाजूला आहे, तर १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग मुरबाड तालुक्यात येतो. राज्यप्राणी शेकरू याच वनात आढळतो. याच बाजूच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले, हेही पाहुण्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात जाण्यास परवाना लागतो आणि तेथे आग लावण्यास बंदी आहे. म्हणून पाहुणा निघण्यापूर्वीच वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करून घेईल, अशी सूचना त्याला गावाकडून मिळाली पाहिजे.

दुसरी बाब हंगामाची. जून ते सप्टेंबर या काळात माळशेजच्या परिसरात दरडी कोसळतात, ओढे अचानक भरतात आणि प्रशासन वेळोवेळी मनाई आदेश काढते. ओल्या जमिनीत जड वाहन रुतते. ओढ्याच्या पात्रात किंवा काठावर वाहन उभे करू देणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचे दिवस असतात. तेव्हा ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचा काळ मुक्कामास सर्वांत योग्य ठरतो. मेअखेरीस काजवे पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या थोडीच ठेवावी. कारण त्याच वेळी पाणी सर्वांत कमी असते.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर मांडतो. शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा या जलाशयांचे पाणी मुंबईची तहान भागविते. तानसा धरण तर १८९२ सालचे आहे. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातील आणि मुरबाडमधील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आता हिशेब करू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरमाणशी, दरदिवशी ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच वाहने आली, प्रत्येकात चार माणसे असली आणि ती दोन दिवस राहिली, तर २,२०० लिटर पाणी लागेल. पाच माणसांच्या आठ कुटुंबांना एक दिवस पुरेल इतके हे पाणी आहे. हिवाळ्यात ते देता येईल. मे महिन्यात देताना कोणत्या तरी घरचा हंडा रिकामा राहील. यासाठी प्रत्येक वाहनाने टाकी भरूनच यावे, असा नियम गावाने करावा. गावातून पाणी द्यावयाचे झाल्यास कोणत्या विहिरीतून, किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत द्यावयाचे, हे ग्रामसभेने आधी ठरवावे.

पाण्याच्या मागोमाग सांडपाणी येते. अशा वाहनात साधारणतः दोन प्रकारचे सांडपाणी साठते. भांडी व आंघोळीचे पाणी शोषखड्ड्यात सोडता येते. शौचालयाच्या टाकीतील मैला मात्र ओढ्यात, शेतात किंवा उघड्या चरात कदापि सोडू देऊ नये. या टाकीत दुर्गंधी थांबविण्यासाठी रसायन घालतात. तीव्र जंतुनाशक रसायन असल्यास मैल्याचे खत करणारे जिवाणू मरतात व गावातील शौचखड्ड्याचे कामही बिघडते. म्हणून वाहन आल्यावर प्रथम टाकीची विचारपूस करावी. योग्य सोय नसेल, तर मैला शहरातील मैला प्रक्रिया केंद्राकडे परत न्यावा, असे स्पष्ट सांगावे. सुका कचराही पाहुण्याने परत न्यावा.

जागा सपाट, कठीण, पाणवठ्यापासून दूर आणि विजेच्या तारा व लोंबत्या फांद्या नसलेली असावी. वाहन वळविण्यास मोकळीक हवी. रात्री जनित्र चालवू नये. त्याच्या आवाजाने गाव जागे राहते आणि रानातील प्राणी दूर जातात. स्वयंपाक वाहनातच व्हावा. शेकोटी पेटवावयाची झाल्यास ती गावाने आखून दिलेल्या एकाच जागी पेटवावी. जवळच्या दवाखान्याचा पत्ता, रुग्णवाहिकेचा १०८ आणि वन विभागाचा १९२६ हे क्रमांक फलकावर ठळक असावेत.

आता उत्पन्नाविषयी. पाहुणा येऊन जातो आणि गावाला केवळ कचरा उरतो, असे झाल्यास या उद्योगाला अर्थ नाही. जागेचे शुल्क ठरावाने निश्चित करून त्याची पावती द्यावी. नाणेघाटाची वाट दाखविण्याचे काम स्थानिक तरुणांकडे असावे. जेवण बचत गटातील भगिनींनी द्यावे: नागलीची भाकरी, पावसाळ्याच्या तोंडाशी मिळणारी शेवळे, आपल्या शेतातील तांदूळ. ठाकूर, महादेव कोळी व कातकरी बांधवांचे वनाविषयीचे ज्ञान मोठे आहे. त्याचा मोबदला त्यांनाच मिळाला पाहिजे. जी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तेथे १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला विशेष अधिकार देतो. त्यांचा उपयोग करून घ्यावा.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांकडून गावाचा साधा नकाशा तयार करून घ्यावा. त्यात विहिरी, ओढे, वनाची हद्द, वाहनास योग्य जागा आणि वर्ज्य जागा दाखवाव्यात. कोणत्या महिन्यात कोणती विहीर आटते, याची नोंदही मुलांनी ठेवावी. ग्रामसभेपुढे असा नकाशा असला, म्हणजे निर्णय अंदाजाने न होता माहितीने होतील.

मित्रहो, शहरातील माणसाला वनाची ओढ वाटते ही चांगली गोष्ट आहे. वन पाहिलेला माणूस वनाचा कैवारी होऊ शकतो. परंतु तो येईल त्या आधी आपले चार निर्णय झालेले असावेत: जागा कोणती, पाणी किती, मैल्याची विल्हेवाट कोठे आणि शुल्क किती. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हे चार विषय घ्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.