चांदीचा फोटो आणि शेवटचं धुणं

हळदीकुंकवाच्या निमित्ताने आमच्या बचत गटाने ठरवलं होतं, की प्रत्येकीने घरातल्या जुन्या बाईचा एक फोटो आणायचा. ट्रंकांमधून, कपाटांमधून काळे-पांढरे फोटो निघाले.

आमच्यातल्या एकीच्या ट्रंकेत दोन होते. सासूबाईंचा तपकिरी फोटो अगदी स्वच्छ. आजेसासूबाईंच्या फोटोवर मात्र पिवळे डाग. डाग जावेत म्हणून तिने ओलं फडकं फिरवलं, आणि नाक-डोळेच फडक्याला लागून आले. घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. आम्ही सगळ्या गप्प झालो.

मग तालुक्याला पूर्वी डार्करूम चालवणाऱ्या एका काकांना आम्ही विचारलं. ते म्हणाले, या फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे बारीक कण. फोटो पक्का करायला हायपोच्या पाण्यात बुडवतात. नंतर तो हायपो कागदातून पूर्ण निघावा लागतो. जुना जाड कागद वाहत्या पाण्यात तासभर तरी धुवायचा. घाईत उरकलं, तर उरलेल्या हायपोतलं गंधक वर्षानुवर्षं चांदीला खात राहतं. धुण्यात साबण राहिला की पांढरं कापड पिवळं पडतं ना, तसंच.

मग तपकिरी फोटो का टिकला? पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकाने. टोनिंगमध्ये हेच काम मुद्दाम, सगळीकडे सारखं करतात. धुतलेला फोटो एका औषधात फिका करायचा, मग सोडियम सल्फाइडच्या पाण्यात घालायचा. कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या. चांदीचं सल्फाइड होतं, रंग तपकिरी येतो. जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं, म्हणून पुढे हवा त्याला फारसं बिघडवत नाही. शेवटी पुन्हा धुणं आहेच.

आपल्या घरातले फोटो कसे धुतले गेले, ते आता आपल्या हातात नाही. पण एवढं करू या. जुन्या फोटोला पाणी लावायचं नाही. काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. ओलीच्या भिंतीपासून आणि उदबत्तीच्या धुरापासून तो लांब ठेवायचा. आजच मोबाइलवर त्याची प्रत काढायची. मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव आणि गाव लिहायचं.

आमच्या मैत्रिणीला आता आजेसासूबाई सुनांना सांगाव्याच लागतील, दाखवता येणार नाहीत. तुमच्याकडे तसं होऊ नये, म्हणून हे बोललो.