आधी जेवण, मग संगणक

अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करताना रिकारोज रोके यांनी संगणकाच्या कार्यशाळेत मुलांबरोबर आईवडिलांनाही बोलावलं. सुरुवात पंगतीने! जेवणानंतर मुलं आणि पालक वेगवेगळे बसून बोलतात, मग एकत्र काहीतरी बनवतात आणि सगळ्यांना दाखवतात.

बनवायचं काय? ‘मेकी मेकी’ नावाच्या, संगणकाला जोडलेल्या छोट्या सर्किटची एक वायर केळ्याला लावायची, दुसरी हातात धरायची. केळ्याला बोट लावलं की शरीरातून विद्युत परिपथ पूर्ण होतो. संगणकाला वाटतं, कळ दाबली गेली. मग ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत रचलेला सूर वाजतो. स्क्रॅच २००७ पासून सर्वांना मोफत मिळते.

पालकाला संगणक यायलाच हवा असं नाही, हे इथलं सर्वांत मोलाचं. श्रोतेहो, आज संध्याकाळी मुलांना म्हणा, “हे कसं चालतं, मलाही दाखव.”