मागावरचे तरुण हात



1877 साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली,
आणि भोंग्याच्या इशाऱ्यावर सोलापूरची दिनचर्या ठरू लागली.

आज, ज्या घरातील वडिलांनी यंत्रमागावर चादरी विणण्यात उमेदीची वर्षे वेचली,
त्याच घरातील मुलगा पुण्याची वाट धरतो;
त्याला दोष देण्यापूर्वी मालकांनी वैशाखातील दुपारी,
तापल्या पत्र्याखाली, त्या खडखडाटात,
तासभर उभे राहावे.

हवा खेळती असावी.
कानांना संरक्षण असावे.
पगार व रजेचा हिशेब कागदावर असावा.

आणि मुख्य म्हणजे, शिकण्यास वाव असावा:
मागाची दुरुस्ती, नक्षीचे संगणकीय आरेखन, विक्रीव्यवहार.
पुन्हा सांगतो, शिकण्यास वाव असावा.

गणवेशांच्या कारखान्यांतही हेच लागू.
तेथे मुलींसाठी स्वच्छ प्रसाधनगृह हवेच;
त्यासाठी अर्ज करावा लागू नये.