भट्टीची धूळ आणि फुप्फुसातली पेशी



रायपुरात गुढियारीहून भनपुरी-उरल्याकडे निघालं की पोलादाचे कारखाने लागतात. तिथल्या इंडक्शन भट्टीला आतून गारगोटीच्या भुकटीचं अस्तर असतं. कामगार या भुकटीला रॅमिंग मास म्हणतात. अस्तर झिजलं की ते फोडायचं आणि कोरडी भुकटी ठोकून नवं बसवायचं. त्या वेळी जी धूळ उडते, तिच्यातले सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

तिथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. जंतू आला की त्या त्याला गिळतात आणि लयकारिकेत, म्हणजे आम्लानं भरलेल्या सूक्ष्म पिशवीत, विकरांकरवी त्याचे तुकडे करतात. त्यांतले काही तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. त्यावरून बाकीच्या प्रतिकारपेशींना शत्रू ओळखता येतो. ही पिशवी सापडली ती बेल्जियममध्ये, शास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ द दूव्ह यांना. १९४९ साली त्यांनी उंदराच्या यकृतातलं एक विकर मोजलं, तर ते अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकंच भरलं. तोच नमुना पाच दिवस फ्रिजमध्ये राहिला आणि मोजमाप एकदम वाढलं. विकर आवरणाआड कोंडलेलं होतं! १९७४ साली त्यांना नोबेल मिळालं.

गारगोटीचा कण मात्र कुठल्याच विकरानं विरघळत नाही. उलट त्याच्यामुळे पिशवीचं आवरणच फाटतं आणि कॅथेप्सिनसारखी विकरं बाहेर सांडतात. गळती थोडी असली तर पेशी स्वतःला आवरून मरते, फार असली तर फुटते. मरता मरता ती दाहाची हाक देते. कण तसाच मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. वर्षानुवर्षं हे चाललं की फुप्फुसात घट्ट गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही.

आपण ज्या पेन्सिलींनी पाटीवर मुळाक्षरं गिरवली, त्या मंदसौरला बनवणाऱ्या कामगारांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना हा आजार निघाला. कायद्यानुसार त्याची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे. तरी तो पुष्कळदा क्षय म्हणूनच लिहिला जातो, याचा मला राग येतो. पहारेकरीच मेल्यावर क्षयाचे जंतू खरोखरच शिरतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

धूळ जागीच ओढून घेऊन काम करवणं मालकाच्या हाती आहे. तोंडाला बांधलेल्या गमछ्यातून हे कण सहज पार होतात. आणि खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात तर छातीचा एक्स-रे काढून घ्या, भट्टीवर किती वर्षं काम केलंत तेही डॉक्टरांना आपणहून सांगा.