पदार्थविज्ञानाचीं मुक्तद्वार ग्रंथालयें

इ. स. १९१० मध्यें सरकारच्या अर्थखात्यांतील एक तरुण अधिकारी बदली होऊन नागपुरास आले. कचेरीचें काम संभाळून शास्त्राभ्यास करणारे हे गृहस्थ म्हणजेच पुढें नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले चंद्रशेखर वेंकट रामन्. दुसऱ्याच वर्षीं त्यांची बदली पुन्हा कलकत्त्यास झाली. तेथें विज्ञानसंवर्धनासाठीं स्थापन झालेली एक जुनी संस्था होती आणि तिची प्रयोगशाळा त्यांना खुली होती. २८ फेब्रुवारी १९२८ चा जगप्रसिद्ध शोध लागला तो तेथेंच. शोध लागतांच रामन् यांनीं आपल्या निबंधाच्या छापील प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांस टपालानें धाडल्या. शोध लावणें हें अर्धें काम. तो जाणकारांच्या हातीं पोंचविणें हें उरलेलें अर्धें, हें त्यांनीं पक्कें ओळखलें होतें.

वाचणाऱ्याच्या बाजूनें मात्र चित्र निराळें दिसे. शोधनिबंध ज्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होत त्यांची वर्गणी जबर. ज्या ग्रंथालयास ती परवडे तेथेंच तें ज्ञान वस्तीस येई. शिवाय निबंध छापून येण्यास महिनेच्या महिने लागत. म्हणून विद्वान् लोक आपल्या लेखाच्या टंकलिखित प्रती आधींच एकमेकांस पाठवीत. पण हा वानवळा मोठ्या संस्थांतील ओळखीच्या मंडळींतच फिरे. विदर्भांतील एखाद्या कॉलेजच्या अध्यापकाच्या दारीं तो कशाला येतो?

ही रीत मोडली ती १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत. अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत काम करणारे पॉल गिन्स्पार्ग यांनीं एका संगणकावर अशी सोय केली कीं, लेखकानें आपला निबंध तेथें ठेवावा आणि ज्यास हवा त्यानें तो घ्यावा. हेंच आजचें ‘आर्काइव्ह’. २००१ सालीं त्याचें बिऱ्हाड कॉर्नेल विद्यापीठांत आलें. प्रत्येक निबंधास क्रमांक मिळतो. लेखकानें दुरुस्ती केली तरी जुना पाठ पुसला जात नाहीं, नवा त्याच्या शेजारीं राहतो. वाचकाकडून एक पैहि घेतली जात नाहीं. खर्च देणग्यांतून व सभासद संस्थांच्या साह्यांतून चालतो. पदार्थविज्ञानाबरोबर गणितादि शास्त्रेंहि तेथें आलीं आणि २०२२ च्या आरंभीं निबंधांची संख्या वीस लक्षांवर गेली.

फेब्रुवारी २०१६ मध्यें गुरुत्वतरंग सांपडल्याची वार्ता जाहीर झाली, तेव्हां तो निबंध नागपूरच्या विद्यार्थ्यास आणि न्यूयॉर्कच्या आचार्यास एकाच दिवशीं, एकाच मोलानें, म्हणजे फुकट, वाचतां आला. तेच तरंग टिपणारी एक वेधशाळा आपल्याच प्रांतांत, हिंगोली जिल्ह्यांत उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं संमति दिली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या समतेचें महत्त्व पटतें.

परंतु दार उघडें असलें म्हणजे आंत येणारा प्रत्येक जण पारखलेलाच असतो असें नाहीं. येथें निबंध ठेवण्यापूर्वीं जुजबी चाळणी होते. तज्ज्ञांकडून कसून परीक्षा होत नाहीं. जुलै २०२३ मध्यें दक्षिण कोरियांतील कांहीं संशोधकांनीं नेहमींच्या तपमानांत वीज विनारोध वाहून नेणारा ‘एलके-९९’ नांवाचा पदार्थ सांपडल्याचा दावा तेथें मांडला. वर्तमानपत्रांनीं एकच गाजावाजा केला. पण ज्या दारानें दावा आला त्याच दारानें थोड्याच दिवसांत त्याचें खंडनहि आलें, आणि तें करणाऱ्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा होती. खुलेपणानें चूक लवकर पसरते हें खरें; पण ती लवकर पकडलीहि जाते.

आपल्या देशानेंहि या कामीं हात आंखडता घेतलेला नाहीं. रामन् यांनींच १९३४ सालीं स्थापिलेल्या भारतीय विज्ञान अकादमीचें ‘प्रमाण’ हें पदार्थविज्ञानाचें नियतकालिक संगणकावर विनामूल्य वाचतां येतें. ‘शोधगंगा’ या भांडारांत नागपूर विद्यापीठासह अनेक विद्यापीठांचे प्रबंध सांठविले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली: तीन वर्षांस सहा हजार कोटि रुपये, सुमारें तेरा हजार नियतकालिकें, सहा हजार तीनशेंवर संस्था. योजना स्तुत्य खरी. पण तिचा पहिला आराखडा शासकीय संस्थांपुरताच आंखला गेला. खाजगी कॉलेजांत शिकणारी मुलगी त्या यादींत बसत नाहीं. शिवाय वर्गणी ती वर्गणीच. मुदत सरली कीं पुन्हा थैली सोडावी लागते. मुक्तद्वार ग्रंथालयास मुदत नाहीं आणि यादीहि नाहीं.

मात्र हीं ग्रंथालयें देणाऱ्यांच्या जिवावर चालतात. विदर्भांतील ज्या अध्यापकाचा निबंध केवळ महागड्या नियतकालिकांत बंद आहे, त्याचें काम त्याच्याच गांवचा विद्यार्थी वाचूं शकत नाहीं. प्रकाशकाच्या नियमांत बसेल तेव्हां त्याची एक प्रत खुल्या भांडारांत ठेवण्यास फार श्रम पडत नाहींत. विहिरीचें पाणी उपसल्यानें आटत नाहीं, उलट नवे झरे मोकळे होतात, असें शेतकरी सांगतो. विद्येच्या विहिरीस हा नियम अधिकच लागू आहे.